सतरा नंबरचा रंग

श्रीरंगराव हुदलीकर निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या पत्नीला, संध्याताईंना, एकाच गोष्टीची धास्ती होती. आता हा माणूस घरात इन्स्पेक्शन सुरू करणार. चौतीस वर्षं त्यांनी एका सरकारी कारखान्यात मशीनचे सुटे भाग तपासण्यात घालवली होती. केसाच्या जाडीइतका फरक निघाला तरी भाग बाजूला काढायचा, त्यावर लाल ठिपका द्यायचा आणि मग कोणी कितीही विनवण्या केल्या तरी तो ठिपका पुसायचा नाही, अशी त्यांची ख्याती होती. संध्याताईंची धास्ती काही खोटी ठरली नाही. पहिले दोन महिने पोळ्यांचा गोलपणा आणि सांबारातल्या फोडींचा आकार यांवर रोज शेरे पडले. मग डे-लिलीचा नाद लागला आणि स्वयंपाकघराची सुटका झाली.

तो नाद लावला संयोगितानं. संयोगिता ही संध्याताईंची धाकटी बहीण, इंदिरानगरला राहणारी. रेशमाच्या लडी रंगवणाऱ्या एका कारखान्यात छटा ठरवण्याचं काम तिनं पंचवीस वर्षं केलेलं, आणि मेहुणी असल्यामुळे श्रीरंगरावांची खोडी काढण्याचा हक्क त्याहून जुना. तिच्या गच्चीवर डे-लिलीची दहा-बारा झाडं होती. त्यातले तीन फुटवे वर्तमानपत्रात गुंडाळून ती एकदा मल्लेश्वरमला बहिणीच्या घरी घेऊन आली. म्हणाली, भाऊजी, ही तपासा, बहिणीला सोडा.

झाड श्रीरंगरावांना पाहताक्षणी पसंत पडलं. पट्टीसारखी लांब पानं, मधून सरळ वर जाणारा एक दांडा, दांड्यावर दहा-पंधरा कळ्या. रोज पहाटे त्यातली एखादी उमलणार, दिवसभर ताठ उभी राहणार आणि संध्याकाळी मिटणार, ती कायमची. दुसऱ्या दिवशी दुसरी. रोज नवा माल, रोज नवं इन्स्पेक्शन. निवृत्त माणसाला आणखी काय हवं असतं? संध्याताई म्हणायच्या, बिचाऱ्या फुलाला आयुष्य एका दिवसाचं, त्यातला अर्धा दिवस यांच्यापुढे हजेरी देण्यात जातो.

चार मोसमांत बावीस जाती झाल्या. घरासमोरच्या अंगणात कुंड्यांच्या दोन ओळी, प्रत्येक कुंडीत पत्र्याची पट्टी आणि पट्टीवर नंबर. नर्सरीवाले झाडांना जी भरजरी नावं देतात, त्यांवर श्रीरंगरावांचा काडीचा विश्वास नव्हता. नाव कोणीही काहीही ठेवतं, म्हणायचे. फुलाचा व्यास ते व्हर्नियर कॅलिपरनं घेत. दांड्याची उंची, कळ्यांची संख्या, दुपारच्या उन्हात पाकळी किती तग धरते, रंग कसा आहे, सगळं वहीत जायचं आणि मोसम संपला की गुण देऊन निकाल लागायचा. आठ नंबरची कुंडी सलग तीन वर्षं पहिली आली होती. रंगाच्या रकान्यात तिच्यापुढे 'अस्सल सोनेरी' असं लिहिलेलं होतं. संयोगितानं ते एकदा वाचलं आणि बहिणीकडे पाहिलं. बहिणीनं खांदे उडवले.

खरी ठिणगी पडली ती सतरा नंबरवरून.

हा फुटवा संयोगितानं कुठून कुठून मिळवून आणला होता. जांभळ्या रंगाची जात आहे, सहसा मिळत नाही, नीट सांभाळा, असं बजावून दिला. पहिलं फूल गेल्या वर्षीच्या एप्रिलमध्ये, एका रविवारी उमललं. बातमी कळताच ती मेट्रोनं सकाळी सकाळी हजर झाली. श्रीरंगरावांनी व्यास घेतला, साडेतेरा सेंटिमीटर. कळ्या अकरा. पाकळी जाड. सगळं उत्तम. मग रंगाच्या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'मातकट तपकिरी.'

संयोगितानं चष्मा पुसून ते पुन्हा वाचलं.

"भाऊजी, हे फूल जांभळं आहे."

"मला जे दिसतं ते मी लिहितो. दुसऱ्यानं सांगितलेलं लिहीत नाही."

ती म्हणाली की तिचं अर्धं आयुष्य रंगांत गेलं आहे. ते म्हणाले की ते रेशमाचे रंग होते, हे फूल आहे. तिनं संध्याताईंची साक्ष काढली. संध्याताई जांभळंच म्हणाल्या. श्रीरंगरावांनी साक्ष फेटाळली, कारण बहिणीची साक्ष बहिणीच्या बाजूनं धरत नाहीत. नर्सरीवाल्यानं तुला फसवलंय, असं त्यांनी मेहुणीला शांतपणे समजावून सांगितलं. देवानं तुमच्या नावात तेवढा रंग दिला आणि मग हात आखडता घेतला, असं म्हणून ती जेवायला बसली.

पण श्रीरंगराव न्यायी माणूस. वाद नुसत्या तोंडानं मिटवणं त्यांना पटेना. दुसऱ्या दिवशी ते संपिगे रोडवरच्या हार्डवेअरच्या दुकानात गेले आणि भिंतीच्या रंगांचं नमुना-कार्ड घेऊन आले. चौकटी चौकटींचं ते कार्ड फुलाशेजारी धरून त्यांनी अर्धा तास घालवला. शेवटी एका चौकटीवर बोट ठेवलं. तंतोतंत जुळली होती. खालची अक्षरं फार बारीक होती म्हणून त्यांनी संध्याताईंना वाचायला सांगितलं. त्यांनी वाचलं, 'वाइल्ड लॅव्हेंडर.'

श्रीरंगरावांनी कार्ड उलटसुलट करून पाहिलं आणि छपाईत चूक आहे असा निर्णय दिला.

फाटकाशी तेव्हा गंगव्वा उभी होती. गंगव्वा मूळची बागलकोटकडची. रोज दहाच्या सुमाराला ती कमरेवर टोपली घेऊन गल्लीत यायची आणि मोगरा, शेवंती हातावर मोजून द्यायची. मराठी-कन्नड एकत्र कालवून ती जे बोलायची ते आजवर कोणाला समजलं नाही असं झालं नव्हतं. वेणीत ओवता येत नाही आणि देवाला दुसऱ्या दिवशी चालत नाही म्हणून श्रीरंगरावांच्या फुलांबद्दल तिचं मत बरं नव्हतं. पण हे फूल तिला आवडलेलं दिसलं. बदनेकायीचा रंग आहे की अण्णा, ती म्हणाली. बदनेकायी म्हणजे वांगं.

"वांगं तपकिरीच असतं, गंगव्वा," श्रीरंगराव म्हणाले.

माणूस जन्मभर हट्टी असला की त्याच्या डोळ्यांबद्दल शंका यायला वेळ लागतो. संध्याताईंनाही ती त्या दिवशी आली नाही. त्यांना वाटलं, पडलं तरी नाक वर, दुसरं काय.

पावसाळ्याच्या तोंडावर निकाल लागला. सतरा नंबर रंगात नापास. नावाशी रंग जुळत नाही असला माल श्रीरंगरावांच्या हातून कधी पुढे गेला नव्हता. त्यांनी पट्टीवर लाल ठिपका दिला, झाड उपटलं आणि फाटकाबाहेर ठेवलं. गंगव्वानं ते उचलून टोपलीत टाकलं. संयोगिताला हे संध्याताईंकडून फोनवर कळलं. मग ती म्हणाली, ठीक आहे, आता मी भाऊजींना फक्त पांढरी फुलं देत जाईन, त्यात भांडणाला जागा नाही.

पण झालं उलटंच, आणि ते पांढऱ्यावरूनच झालं. जानेवारीत एका सकाळी श्रीरंगरावांनी इडली हातात धरून विचारलं, तांदूळ बदललास का, पिवळ्या झाल्यात. तांदूळ तोच होता. चार दिवसांनी त्यांनी बैठकीच्या भिंती पिवळट पडल्याची तक्रार केली आणि रंगाऱ्याला बोलवायचं ठरवलं. या भिंतींना दिवाळीत रंग दिला होता. मग एकदा ते देवळात जायला निघाले, तर एका पायात निळा मोजा आणि एका पायात करडा. संध्याताई मोज्यांकडे पाहत राहिल्या. त्यांच्या डोळ्यांपुढून वांगं गेलं, नमुना-कार्ड गेलं, आठ नंबरचं अस्सल सोनेरी फूल गेलं. देवळाऐवजी त्यांनी नवऱ्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टर सुप्रीता त्यांच्या मुलीच्या वयाची होती. तिनं डोळ्यांत थेंब घातले, यंत्रातून पाहिलं आणि सांगितलं की दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, चांगला मुरलेला. भिंग चहासारखं तांबूस झालंय. त्यातून पांढरं पिवळं दिसतं आणि निळं-जांभळं तर जवळजवळ पोचतच नाही. हे एका दिवसात होत नाही, वर्षानुवर्षं हळूहळू होतं, म्हणून माणसाला कळत नाही. श्रीरंगरावांनी आक्षेप घेतला. आपण रोज पेपर वाचतो, व्हर्नियरवरचे आकडे वाचतो, आपली नजर उत्तम आहे. तिनं ते सगळं ऐकून घेतलं आणि ते नोकरी कुठे करत होते ते विचारलं. त्यांनी सांगितलं.

"तिथली मोजायची यंत्रं किती दिवसांनी तपासून घेत होता, सर?"

"दर सहा महिन्यांनी. नियमच आहे."

"आणि डोळे?"

श्रीरंगरावांनी खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला आणि रुमाल परत ठेवला. डॉक्टरनं कागदावर तारीख लिहिली.

तारखेवरून घरात आठवडाभर घोळ चालला. एप्रिल म्हणजे फुलांचा मोसम, तेव्हा कोण ऑपरेशन करतं, असं श्रीरंगरावांचं म्हणणं. फुलं दिसावीत म्हणूनच करायचं ना, असं संध्याताईंचं. हा मुद्दा बिनतोड होता. आधी उजवा डोळा आणि महिन्याभरानं डावा असं ठरलं.

उजव्याचं ऑपरेशन सुरळीत झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी निघाली आणि काळा चष्मा लावून रिक्षानं ते घरी आले. बैठकीत चष्मा काढला. भिंती पांढऱ्याशुभ्र होत्या, किंचित निळसर वाटाव्यात इतक्या. श्रीरंगरावांनी उजव्या डोळ्यावर तळहात धरला, भिंती पिवळ्या झाल्या. तळहात काढून डाव्यावर धरला, पांढऱ्या. असं त्यांनी चार वेळा केलं आणि तडक अंगणात गेले.

त्या दिवशी नऊ कुंड्यांत फुलं होती. ओळीच्या टोकाशी उभं राहून ते एकेक फूल आधी डाव्या डोळ्यानं, मग उजव्यानं पाहत पुढे सरकले. डावा डोळा जुनी वही वाचून दाखवत होता, उजवा प्रत्येक ओळ खोडत होता. तीन नंबर, वहीत 'फिकट केशरी', गुलाबी निघाली. अकरा नंबर, 'पिवळी', जवळजवळ पांढरी निघाली. चौदा नंबरला त्यांनी 'गंजका रंग' असं लिहून पाच गुण कापले होते. ती डाळिंबाच्या दाण्यासारखी लालबुंद होती. आणि आठ नंबर, तीन वर्षांची विजेती, पातळ ताकाच्या रंगाची एक साधीसुधी लिली होती. तिचं काहीच चुकलं नव्हतं, पण सोनं त्यात गुंजभरही नव्हतं.

संध्याताई व्हरांड्यातून पाहत होत्या. त्यांनी मनात दोन-तीन चांगले टोमणे तयार ठेवले होते, पण नवऱ्याचा चेहरा पाहून ते मागे ठेवले. श्रीरंगराव आत आले, वह्यांचा गठ्ठा समोर घेऊन बसले आणि संध्याकाळपर्यंत पानं उलटत राहिले. दिवे लागल्यावर त्यांनी विचारलं, कारखान्यात शेवटच्या वर्षांत आपण जे भाग परत पाठवले, त्यांतले काही चांगले असतील का. पोरं रात्रपाळ्या करून भाग बनवायची आणि आपण ठिपका द्यायचो.

"तुम्ही तिथं मापं घेत होता," संध्याताई म्हणाल्या. "रंग नव्हता पाहत. मापं तुमची आजही बरोबर येतात."

हे त्यांना पटलं असावं, कारण त्यांनी जेवण मागितलं.

पुढचे पंधरा दिवस मात्र संध्याताईंनी आणि संयोगितानं मनसोक्त वसूल केले. डॉक्टरनं वाकायचं नाही, मातीला हात लावायचा नाही, पाणी उडू द्यायचं नाही असं बजावलं होतं. त्यामुळे श्रीरंगराव व्हरांड्यात खुर्चीत आणि फुलं त्यांच्यापुढे ताटात, असा क्रम सुरू झाला. संयोगिता एक दिवसाआड यायची. फूल ताटात ठेवायचं आणि परीक्षकासारखं विचारायचं, हे काय? ते उत्तर द्यायचे. बरोबर आलं की ती म्हणायची, आता डाव्यानं सांगा. डाव्यानं ते हमखास चुकायचे आणि दोघी बहिणी हसून हसून खांबाला टेकायच्या. श्रीरंगरावांना याचा राग यायला हवा होता. पण उजव्या डोळ्याला अजून रोज काही ना काही नवीन सापडत होतं. कढीपत्त्याची हिरवी पानं, शेजाऱ्यांची मोरपिशी स्कूटर, आभाळ. रागवायला सवडच नव्हती.

एका गोष्टीबद्दल मात्र कोणीच बोलत नव्हतं. सतरा नंबरची जागा रिकामी होती. संयोगितानं त्या जागेकडे कधी बोट दाखवलं नाही, आणि तेच श्रीरंगरावांना जास्त लागत होतं. तिनं एकदा चांगला टोमणा मारला असता तर ते मोकळे झाले असते. ते रोज दहा वाजता फाटकाशी जाऊन उभे राहायला लागले. गंगव्वा यायची, फुलं द्यायची, जायची. पाच दिवस त्यांनी तिला उन्हाबद्दल विचारलं, सहाव्या दिवशी मोगऱ्याच्या भावाबद्दल. सातव्या दिवशी तीच म्हणाली, अण्णा, तुम्हाला काय विचारायचं ते विचारा स्वल्प लवकर, माझी फुलं सुकतात.

झाड जिवंत होतं. ते तिनं लेकीला दिलं होतं आणि लेक बोम्मसंद्र्याला राहायची, तिथल्या एका कंपनीत पॅकिंगला होती. चांगलं माजलंय म्हणे. रविवारी लेकीला सुट्टी असते, गंगव्वाही तिकडेच असते. यायचं तर या.

उजव्याच्या ऑपरेशनला एक महिना पुरा व्हायला दोन दिवस होते. डाव्या डोळ्याची तारीख श्रीरंगरावांनी तोवर दोनदा पुढे ढकलली होती. कारण विचारलं तर दोन डोळ्यांची तुलना अजून अपुरी आहे म्हणायचे. पण बोम्मसंद्र्याला जायला ते एका पायावर तयार झाले. रविवारी सकाळी संपिगे रोडला मेट्रो धरली, आर. व्ही. रोडला उतरून पिवळ्या लाइनवर गेले आणि शेवटच्या स्टेशनपर्यंत दोघं नवराबायको खिडकीतून शहर पाहत राहिली. श्रीरंगराव वाटेत एकदाच बोलले. संयोगिताला सांगितलंस का, त्यांनी विचारलं. तुमचं तुम्ही सांगा, असं उत्तर मिळालं.

स्टेशनपासून रिक्षानं दहा मिनिटांवर एका ओळीत सात-आठ खोल्या होत्या. चौथ्या खोलीपुढे रंगाची रिकामी बादली होती आणि बादलीत सतरा नंबर. एका फुटव्याचे पाच झाले होते. दोन दांडे वर आलेले, आणि दोन फुलं उघडी.

गंगव्वा दारातच बसली होती. तिनं लेकीला चहा टाकायला सांगितलं आणि श्रीरंगरावांना बादलीपासून दोन हातांवर थांबवलं. लेक आतून म्हणाली की या ओळीतले सगळे याला नेरळे हूव म्हणतात, जांभळाचं फूल, आणि दोन जणींनी आधीच फुटवा मागून ठेवलाय. आईनं हो म्हटलं तरच आपण कोणाला देणार.

"देते की अण्णा," गंगव्वा म्हणाली. "पण आधी रंग सांगा. गेल्या वर्षी तुम्ही सांगितला तो मला पसंत नव्हता."

श्रीरंगराव फुलासमोर उभे राहिले. डोळ्यांवर तळहात न धरता त्यांनी बराच वेळ नुसतं पाहिलं. सकाळचं तिरपं ऊन पाकळ्यांतून येत होतं आणि कडा पातळ दिसत होत्या.

"जांभळा," ते म्हणाले. "पुरत्या पिकलेल्या जांभळाचा नाही, नुकता रंग धरलेल्याचा. गळ्यापाशी हिरवट. आणि गेल्या वर्षीही हाच होता. माझंच चुकलं."

गंगव्वानं मान हलवली. "सरी, बरोबर आहे," म्हणाली आणि खुरपं संध्याताईंच्या हातात दिलं, कारण अण्णांना वाकायची मनाई आहे हे तिला ठाऊक होतं. वाकायची मनाई असलेला माणूस इतक्या लांब आला हेही तिनं लेकीला कन्नडमधून सांगितलं, पण हळू.

संध्याताई बादलीपाशी बसून हळूहळू माती मोकळी करायला लागल्या. श्रीरंगराव त्यांच्या मागे उभे. फुलाची सावली संध्याताईंच्या खांद्यावर पडली होती आणि पदर नि फूल शेजारी शेजारी आले होते. श्रीरंगरावांनी एकदा पदराकडे पाहिलं, एकदा फुलाकडे.

"ही साडी कधी घेतलीस?"

"मी नाही घेतली. तुम्ही आणलीत, म्हैसूरहून. तीन वर्षं झाली."

"मी आणली?"

"लग्नाच्या वाढदिवसाला. पेटीतून काढून दिलीत आणि म्हणालात, तुझ्या वयाला शोभेलशी तपकिरी बघून आणलीय." संध्याताईंनी मुळाभोवतीची माती झटकली. "मला वाटलं थट्टा करताय. जन्मात कधी असला रंग आणला नव्हता तुम्ही. मी बोलले नाही काही. म्हटलं, बोललं तर परत नेतील."

श्रीरंगरावांनी आता उजव्या डोळ्यावर तळहात धरला. साडी तपकिरी झाली, फूल तपकिरी झालं, बायकोचे केस पिवळट झाले. त्यांनी तळहात काढला. केस पांढरे होते, ते समजत होते त्याहून खूपच जास्त पांढरे, आणि कपाळावर मातीचं एक बोट उमटलं होतं. ते बोट पुसावं असं त्यांना वाटलं, पण गंगव्वा पाहत होती. त्यांनी रुमाल काढून बायकोच्या हातात दिला.

"शोभते," ते म्हणाले.

"वयाला?"

"तुला."

लेकीनं चहा आणला म्हणून पुढचं बोलणं राहिलं. फुटवा ओल्या गोणपाटात बांधून त्यांनी पिशवीत ठेवला. परतीच्या गाडीत श्रीरंगरावांनी स्वतः दोन फोन लावले. पहिला डॉक्टर सुप्रीताच्या दवाखान्यात. रविवार होता, कोणी उचलला नाही, म्हणून त्यांनी येत्या गुरुवारी डावा डोळा करून टाकू असा मेसेज ठेवला. दुसरा संयोगिताला. तिला त्यांनी सगळं क्रमवार सांगितलं, कुठे गेलो, काय पाहिलं, काय कबूल केलं. संध्याताईंना पलीकडचं ऐकू येत नव्हतं. त्यांना इतकंच दिसलं की नवरा ऐकता ऐकता आधी गंभीर झाला, मग कानापर्यंत लाल झाला आणि शेवटी हसू दाबत खिडकीबाहेर पाहायला लागला. काय म्हणाली ते संध्याताईंनी कितीही विचारलं तरी श्रीरंगरावांनी सांगितलं नाही.

डावा डोळा झाला. चार मोसमांच्या वह्या त्यांनी फाडल्या नाहीत. प्रत्येकीच्या पहिल्या पानावर 'मापं ग्राह्य, रंग अग्राह्य' असा शेरा मारून त्या कपाटात ठेवून दिल्या आणि नव्या वहीला सुरुवात केली. आठ नंबरवर ठिपका द्यायचा विषय निघाला तेव्हा त्यांनी नकार दिला. तिनं कधी सोनेरी असल्याचा दावा केला नव्हता, म्हणाले.

नव्या कुंडीत सतरा नंबरला सप्टेंबरमध्ये दांडा आला. पहिलं फूल उमललं त्या दिवशी संयोगिता इंदिरानगरहून आली आणि तिघं जण व्हरांड्यात कुंडीभोवती बसली. श्रीरंगरावांनी व्यास घेतला, कळ्या मोजल्या आणि पेन हातात धरून दोघींकडे पाहिलं. संध्याताई म्हणाल्या, जांभळ्या कोरांटीच्या फुलासारखा लिहा. संयोगिता म्हणाली, छे, कोरांटीत निळं जास्त असतं, यात गुलाबी आहे. संध्याताई म्हणाल्या, गुलाबी अजिबात नाही. संयोगिता म्हणाली, अक्का, तू कधी शेवटची डॉक्टरकडे गेली होतीस?

श्रीरंगरावांनी मध्ये काही सुचवायचा प्रयत्न केला. दोघींनी त्यांना एकाच वेळी गप्प बसवलं. मग त्यांनी पेनाला टोपण लावलं, खुर्ची जराशी मागे घेतली आणि दोन्ही डोळ्यांनी ते भांडण पाहत बसले. ते बराच वेळ चाललं. रकाना कोरा होता, चहा निवून गेला होता आणि फूल मिटायला लागलं होतं. पण दांड्यावर अजून नऊ कळ्या होत्या.